वसाहतीचं प्रकरण

११ जानेवारी १९७३

साखर कारखान्याने यंदा कॉलेजच्या प्राध्यापकांनाही डायऱ्या वाटल्या. क्वार्टर मात्र वाटल्या नाहीत. निदान डायरी तरी भरावी म्हणून आजपासून लिहिते.

प्राचार्यांनी मधल्या सुट्टीत बोलावलं. मला वाटलं, पुस्तकाची चौकशी करणार. जूनपासून बी.ए.ला नवा पेपर येतोय. आफ्रिकेतली वसाहतवादी राजवट, तिथल्या देशांचा आपसातला सहकार आणि जोडीला जगाचा आर्थिक इतिहास. पेपर मराठीतून लिहायची मुभा आहे, पण मराठीत पुस्तक नाही. ते मी लिहितेय. पुण्याच्या प्रकाशकांनी ‘पाठवा’ म्हटलंय. गेली दोन वर्षं दिवाळीची सुट्टी नाही की मे महिना नाही, नगरला जायचं, वाचनालयात टिपणं काढायची आणि संध्याकाळची एस.टी. धरून परत यायचं. मला संसार नाही, शेत नाही. माझ्या नावाचं एक पुस्तक असावं एवढंच मनात आहे आणि ते मी कुणाला बोलून दाखवत नाही.

प्राचार्य म्हणाले, "सुचित्राबाई, तुमचं नशीब उघडलं. कारखान्याचे नवे चीफ केमिस्ट आलेत ना, सुमंत म्हणून, त्यांच्या मिसेस आफ्रिकेत होत्या. युगांडात. गेल्या साली तिथून आपल्या लोकांना हाकललं, त्यात आल्या. प्रत्यक्ष पाहिलेलं माणूस. दुसरं काय पाहिजे?"

मग मी दोन वर्षं काय डोळे मिटून लिहितेय का, असं विचारायचं होतं. "हो सर" म्हटलं आणि वर्गावर गेले.

१३ जानेवारी

सुमंतांच्या मिसेसना पाहिलं एकदाचं. नाव नीलांबरी. माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. प्राचार्यांच्या खोलीत चहा होता. मी वाटच पाहत होते की आता हत्ती, सिंह आणि जंगल सुरू होईल. बाई काही बोलल्याच नाहीत. प्राचार्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा "हवा छान होती" एवढं म्हणाल्या. जग पाहून आलेल्यांना आमच्यासारख्यांशी काय बोलायचं असं वाटत असणार. बाहेर एक ट्रक थांबला, तर प्राचार्यांचं वाक्य अर्ध्यात सोडून उठली आणि खिडकीतून पाहून आली. मी असं केलं असतं तर वर्षभर ऐकावं लागलं असतं. प्राचार्य नुसते हसले.

त्यांना वसाहतीतला टेकाडावरचा बंगला मिळालाय. नळ, वीज, मागे पपईची झाडं. मी क्वार्टरसाठी अर्ज करून चार वर्षं झाली. "एकट्या बाईला वसाहतीत कशी द्यायची?" हे ठरलेलं उत्तर. म्हणून मी गावात राहीबाईंच्या खोलीत भाड्याने राहते, आणि यंदा विहीर आटल्यापासून टँकरच्या रांगेत उभी राहते. निघताना ती म्हणाली, "सुचित्राताई, पाण्याला आमच्याकडे या ना. नळ आहे." नळ आहे हे सांगायची काय गरज होती?

२० जानेवारी

प्राचार्यांची नवी टूम. पुस्तक छापायच्या आधी दर शनिवारी जादा तास घेऊन मुलांना वाचून दाखवायचं. "मुलांवर घासून बघा, सोनं की पितळ ते कळेल," म्हणाले. मुलं तरी कुठली? निम्मी दुष्काळी कामावर खडी फोडायला जातात, शनिवारी हजेरी लागून लवकर सुटतात, तशीच धुळीने माखून येतात. तरी आली.

शेवटच्या बाकावर नीलांबरीबाई. प्राचार्यांनीच बोलावलेली. मी युगांडाच्या कापसावर वाचत होते. इंग्रजांनी लोकांना कापूस लावायला लावला, किंमत त्यांनी ठरवली, गाठी बांधल्या त्या आपल्या मुंबईच्या गिरण्यांपर्यंत आल्या. मी मान वर केली की ती माझ्याकडे बघत असायची, टक लावून. चूक शोधत असणार.

तास संपल्यावर म्हणते, "मला लिहिलेलं सगळं वाचायला द्याल?" प्राचार्य शेजारी उभे होते, नाही कसं म्हणणार. दिलं.

२७ जानेवारी

हस्तलिखित परत आलं. एकही खूण नाही. म्हणाली, "मी तिथे इतकी वर्षं राहिले आणि मला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. रेल्वे कुणासाठी आली, कापूस कुणी लावायला लावला. तुम्ही इथे बसून हे सगळं..."

इथे बसून. म्हणजे श्रीगोंद्याच्या पलीकडे काही पाहिलेलं नसताना. टोमणा मारावा तर असा, साखरेत घोळून. चीफ केमिस्टची बायको शोभते.

३ फेब्रुवारी

आजचा शनिवार लिहून ठेवायलाच हवा. प्रकरण होतं ‘पूर्व आफ्रिकेतील प्रादेशिक सहकार’. केनिया, युगांडा आणि टांझानिया यांनी मिळून एक संघटना काढली, रेल्वे एक, टपाल एक, विमानं एक. मी करार, कलमं, तारखा असं रीतसर सांगितलं. शेवटी शंका विचारल्या. गोरक्ष म्हणून एक मुलगा आहे, जामखेडच्या बाजूचा, उंच, सदा हसतमुख. तो उठला.

"बाई, ह्या सहकाराचा चेअरमन कोन हाय?"

मी म्हटलं, हा तो सहकार नव्हे. तर छबू नावाची मुलगी उठली. "मग शेअर कितीचा हाय? न्हाई, सभासद तीनच म्हणता म्हणून इचारते."

वर्ग हसला. मी तारखा पुन्हा सांगू लागले आणि मागून नीलांबरीबाईंनी हात वर केला, विद्यार्थ्यासारखा. "मी सांगू?"

म्हणाली, समजा तीन गावांनी मिळून कारखाना काढला. ऊस तिघांचा. कारखाना एका गावात, मोठी बाजारपेठ त्याच गावात, ट्रक दुरुस्तीची गॅरेजं तिथेच. बाकीच्या दोघांनी फक्त ऊस घालायचा.

"आन् नोकऱ्या बी त्याच गावाच्या पोरांना," गोरक्ष म्हणाला.

"बरोबर. ते गाव म्हणजे केनिया."

"मंग दोघं फुटनार की."

"फुटायलाच लागलेत," ती म्हणाली. मग ते थांबेचनात. जनरल बॉडीत भांडण, रेल्वेचा डबा कुणाचा, विमान कुणाचं. एवढा जिवंत तास माझ्या नोकरीत झाला नाही. झाला तो तिचा. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात ते हेच. त्यात ती पुढे येऊन मला म्हणते, "कलमं तुम्ही सांगितली होती म्हणून जमलं." जखमेवर मीठ चोळायचं आणि वर विचारायचं, झोंबलं का.

९ फेब्रुवारी

राहीबाई सकाळी अंगणात बसल्या होत्या. म्हणाल्या, "त्या बंगलेवाल्या बाईनं दोन हंडे पानी पाठवलं जी. माळ्याच्या हाती. तुमच्यासाठी म्हनं. लई चांगली बाई हाय."

परत पाठवा म्हटलं.

"परत? आवो, पानी कुनी परत करतं व्हय? दुस्काळात?" असं म्हणून त्यांनी आपल्या रांजणात ओतून घेतलं. मी टँकरवर गेले. ऊन डोक्यावर आलं तरी नंबर लागला नाही. राग कुणाचा करावा कळेना, म्हणून तिचाच केला.

राहीबाईच सांगत होत्या, माळीणबाई बंगल्यात झाडायला जाते, तिने पाहिलं, कपड्यांच्या बॅगा अजून उघडलेल्या नाहीत. पलंगाखाली भरलेल्या तशाच आहेत, रोजचे दोन कपडे दोरीवर. म्हणजे राणीसाहेबांना इथे राहायचंच नाही. चार दिवसांची हवा खायची आणि चाललं.

१७ फेब्रुवारी

आज ती रुमालात मिलो बांधून घेऊन आली. रेशनची ती लाल ज्वारी. अमेरिकेतून येते, भाकरी तांबडी आणि चिवट होते, सगळं गाव तिला शिव्या देऊन खातं. मुलांच्या हातावर चार-चार दाणे ठेवले आणि म्हणाली, हे इथवर कसं आलं ते ताईंच्या पुस्तकात आहे, शोधा. मुलांनी माझ्या हस्तलिखितातलं ‘जागतिक व्यापार’ प्रकरण उघडलं. मी ते वर्षभर खपून लिहिलं, तेव्हा त्यात कुणी डोकं घातलं नव्हतं. आता छबूने मोठ्याने वाचलं आणि बाकीच्यांनी ऐकलं.

माझं लिहिणं आणि तिचे चार दाणे, आणि टाळ्या दाण्यांना. मी सात वर्षं शिकवतेय. मिलो मी रोज खाते. मला का नाही सुचलं?

१० मार्च

चाचणी घेतली. प्रश्न सोपा दिला. ‘वसाहत म्हणजे काय? वसाहतींचे आफ्रिकेतील समाजावर झालेले परिणाम लिहा.’ आज पेपर तपासायला घेतले आणि डोकं धरून बसले. गोरक्षचा पेपर इथे उतरवून ठेवते, म्हणजे पुढे कुणी खोटं म्हणणार नाही:

‘वसाहतीला तारेचे कुंपण असते. आत नळ, दिवे व संडास असतात. आत साहेब लोक राहतात. बाहेरचे लोक भोंगा झाल्यावर आत कामाला जातात व संध्याकाळी बाहेर येतात. ऊस बाहेरचे लोक पिकवितात. बाहेरच्यांना वसाहतीत खोली मिळत नाही. अर्ज केला तर बघू म्हणतात. त्यामुळे आफ्रिकेतील लोक नाराज झाले व स्वातंत्र्याची चळवळ सुरू झाली.’

निम्म्या वर्गाने असंच काहीतरी लिहिलंय. एकाने तर वसाहतीत राहायला मिळणे भाग्याचे असते असं लिहून खाली रेघ मारली आहे. पानापानावर मी ‘वसाहत’ शब्द वापरला आणि एकदाही मला वाटलं नाही की हा शब्द या पोरांच्या तोंडात रोज आहे, कारखान्याच्या वसाहतीसाठी.

नाही, हे खरं नाही. हे मला आत्ता लिहिताना वाटलं. पेपर तपासताना एकच वाटलं, हे तिचं काम. गाव, ऊस, कारखाना, ही सगळी तिची शिकवण. माझा विषय तिने भाजी मंडईत नेऊन बसवला. सगळ्यांना भोपळा दिला आणि गठ्ठा घेऊन उद्या तिच्या बंगल्यावर जायचं ठरवलंय. प्राचार्यांनाही कळू दे.

११ मार्च

गेले. पेपर टेबलावर आपटले. म्हटलं, "बघा तुमच्या उदाहरणांची फळं."

तिने गोरक्षचा पेपर वाचला. मग दुसऱ्यांदा वाचला. मध्ये रस्त्यावर जीप थांबली, तशी उठली, पडदा सरकवून पाहिलं आणि परत येऊन बसली. माझं बोलणं चालू असताना. मग म्हणाली, "सुचित्राताई, यात चूक काय आहे?"

मी म्हटलं, "वसाहत म्हणजे कॉलनी, परक्यांच्या ताब्यातला मुलूख. कारखान्याच्या चाळी नव्हेत."

"आम्ही जिंजाजवळ राहायचो," ती म्हणाली. तोवर तिने युगांडातल्या त्या गावाचं नावसुद्धा कधी घेतलं नव्हतं. "साखर कारखानाच होता. रस्ता लाल मातीचा. आमचे बंगले टेकडीवर, कुंपणाच्या आत. आत नळ. साहेब म्हणजे गोरे नव्हतेच फारसे, आम्हीच होतो. खाली ऊस तोडणाऱ्यांच्या खोल्यांच्या लाइनी. उन्हाळ्यात त्यांच्या बायका कुंपणाशी यायच्या डबे घेऊन. पहिल्यांदा मी दिलं पाणी. मग हे म्हणाले, रोज येतील. मग मी दुपारचा नळ सोडायचंच बंद केलं, आवाज जाऊ नये म्हणून."

मी पेपर गोळा करू लागले.

"निघालो तेव्हा रस्त्यात सारखे सैनिक गाडी थांबवायचे. बॅगा उघडा, बांगड्या काढा. त्या बायका कडेला उभ्या होत्या. मला वाटलं हसतील. हसल्या नाहीत, नुसत्या बघत होत्या. मला अजून समजत नाही, त्या काय बघत होत्या. तुमचं पुस्तक वाचलं तेव्हा थोडंसं कळलं. या मुलाने आठ ओळींत सांगितलं." आणि मग म्हणाली, "पुस्तक इथूनच सुरू करा ना. या शब्दापासून."

मी काय म्हणायला हवं होतं? दोन शब्द सांत्वनाचे. मला सुचलं ते हे, की माझ्या आयुष्यात असं सांगण्याजोगं काहीच घडलेलं नाही, वाईटसुद्धा नाही. मला तिच्या वाइटाचाही हेवा वाटला. हे लिहिताना शरम वाटते, पण वाटला तो वाटला. "बघते" म्हणाले आणि निघाले. गेटपर्यंत सोडायला आली आणि पुन्हा म्हणाली, "पाण्याला येत जा हो ताई. माझ्यासाठी या." काय माणूस आहे. एवढं सगळं झालं तरी नळ विसरत नाही.

१८ मार्च

रविवार. दिवसभर दार लावून लिहिलं. पहिलं प्रकरण नवं: ‘वसाहत: एक शब्द, दोन अर्थ’. सुरुवात अशी केली: ‘जिंजाहून उसाच्या मळ्यांकडे जाणारा रस्ता लाल मातीचा आहे. टेकडीवर वसाहत आहे आणि वसाहतीला कुंपण आहे.’ पुढचं लिहिताना हात थांबेना. डबे घेतलेल्या बायका आल्या, बंद नळ आला, मग कापूस, रेल्वे, साखरेचे जागतिक भाव, सगळं त्या कुंपणाच्या तारेला आपोआप लागत गेलं. मी असं कधी लिहिलं नव्हतं. जेवायचीही आठवण राहिली नाही.

गोरक्षचे मार्क बदलले. सगळ्यांचेच बदलले.

२४ मार्च

शनिवारी ते प्रकरण वाचलं. संपल्यावर गोरक्ष म्हणाला, "बाई, तुमी गेल्तात व्हय तिकडं? डोळ्यांम्होरं हुबं राहिलं." मी खडू शोधू लागले.

नीलांबरीला आवडलं नसावं. उठून व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ पाठमोरी उभी होती. मला वाटलं होतं, निदान ‘छान’ म्हणेल. तिच्याकडून ‘छान’ ऐकायची मला एवढी गरज का पडावी, तेही कळत नाही.

२ एप्रिल

झालं. ज्याची भीती होती तेच. प्राचार्यांनी पहिलं प्रकरण आणि नीलांबरीची हकीकत पुण्याला कळवली होती, त्यावर प्रकाशकांचं उत्तर आलं. पहिलं प्रकरण फार पसंत पडलं. मुखपृष्ठावर दोन नावं टाकू या, ‘आफ्रिकेत प्रत्यक्ष वास्तव्य केलेल्या’ अशी ओळ खाली येईल, विक्रीला बरं. प्राचार्य म्हणाले, "तुमचं नाव आधी, त्यांचं नंतर. सहकाराचा जिल्हा आहे बाई आपला, कुरकुर कसली."

दोन वर्षं मी. एस.टी.चे धक्के मी खाल्ले. टिपणं मी काढली. आयत्या पिठावर रेघोट्या ओढायला आता ही. मी म्हटलं, विचार करून सांगते. घरी येऊन रडले. राहीबाईंनी विचारलं तर डोळ्यांत धूळ गेली म्हटलं. "लई धूळ हाय बाई यंदा," त्या म्हणाल्या आणि गुळाचा खडा आणून दिला.

४ एप्रिल

शेवटी मीच गेले तिच्याकडे, सोक्षमोक्ष लावायला. मनात सगळी भाषणं तयार होती. तिचा हक्क कसा नाही, असला तर किती, हे मुद्द्यांसकट. ती कणीक मळत होती. मी नावाचं काढलं मात्र, "छे," म्हणाली, "माझं नाव कशाला? ते तुमचं पुस्तक आहे."

"पहिलं प्रकरण..."

"तेही तुमचंच. मी ते तिथे राहून पाहिलं नाही, तुम्ही इथून पाहिलंत. आणि नाव घालून मी काय सांगू लोकांना? त्या टेकडीवरची ती बाई मीच म्हणून?"

झालं. भांडायला गेलेल्या माणसाने काय करावं? कंबर कसून आखाड्यात उतरावं आणि समोरच्याने पाट मांडून जेवायला बसवावं. मला पुस्तक मिळालं, पूर्ण मिळालं, आणि तिने दिलं म्हणून मिळालं. तिने एकदा तरी माझं म्हणावं, मग मी हिसकावून घेतलं असतं आणि आनंदाने घेतलं असतं. हा त्यागाचा आव आहे. असलाच पाहिजे. इतकं चांगलं कुणी नसतं.

येताना तिने एक कळशी हातात दिलीच. घेतली. रस्ताभर पाणी हिंदकळत होतं आणि लोक बघत होते.

२९ जून

प्रुफं आली. कागदाची टंचाई म्हणून प्रकाशकांनी लिहिलंय, आभाराचं पान गाळलं तर छपाईचा एक फॉर्म, म्हणजे सोळा पानं, वाचतो, आपली हरकत नसावी. आभारात पाच नावं होती. तिचं पहिलं होतं. मी लिहिलं, हरकत नाही.

पाऊसपाणी बरं आहे, मुलं खडीवरून कॉलेजात परत आली. विहिरीला पाणी आहे. तरी दोन-चार दिवसांनी तिच्याकडे जाणं होतंच, या ना त्या निमित्ताने. प्रुफं दोघींनी मिळून वाचली. ती मोठ्याने वाचते, मी चुका काढते. रस्त्यावर ट्रक थांबला तरी आता पान टाकून उठत नाही. मी टोकलं असेल एखाद वेळी, त्याचा परिणाम.

१२ ऑगस्ट

पुस्तक आलं. निळं मुखपृष्ठ, माझं नाव. एकटं. वास घेतला. राहीबाईंनी हळदकुंकू लावलं आणि विचारलं, "हे समदं तुमी लिवलं?" हो म्हटलं.

पहिली प्रत तिला नेऊन दिली. तिने पानं चाळली, शेवटपर्यंत चाळली. आभाराचं पान शोधते आहे असं मला वाटलं. मी कागदटंचाईचं बोलू लागले तर म्हणाली, "अक्षर किती छान आलंय." तिच्या खोलीत पलंगाखालच्या बॅगा दिसल्या नाहीत. विचारलं तर म्हणाली, माळ्यावर टाकल्या, कपडे कपाटात लावले. म्हणजे मुक्काम लांबला म्हणायचा.

१५ सप्टेंबर

आज नगरला नव्या पेपरच्या शिक्षकांची बैठक होती. जिल्हाभरातून माणसं आली होती. नीलांबरी म्हणाली, मीही येते, नगरला लोकर घ्यायची आहे. लोकर घेतली आणि बैठकीतही येऊन बसली, मागे, त्या तिच्या शेवटच्या बाकावर.

पुस्तकाचं कौतुक झालं. जो उठेल तो पहिल्या प्रकरणाबद्दलच बोले. मी नवी साडी नेसले होते. चहाच्या वेळी लोक भोवती जमले. सात वर्षांत मला कुणी असं घेरलं नव्हतं. ती दोन हात अंतरावर उभी होती, कपबशी घेऊन, तिला कुणी विचारत नव्हतं. मनात म्हटलं, बघ, कसं वाटतं ते बघ आता.

जामखेडचे एक वयस्कर प्राध्यापक पुढे आले. म्हणाले, "बाई, मी आमच्या पोरांना ते पान मोठ्यानं वाचून दाखवलं. डबे घेऊन उभ्या असलेल्या बायका, अन् दुपारचा बंद नळ. हे पाहिल्याबिगर लिहिता येत नाही कुणाला. तुम्ही तिकडं कुठं राहायला होता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. नाही म्हणायला किती वेळ लागतो?

"जिंजाला," मी म्हणाले.

म्हणाले आणि मग तिच्याकडे पाहिलं. तिने कप बशीत ठेवला. ती आता एक शब्द बोलेल आणि पुस्तक, नाव, साडी, सगळं तिथेच उतरेल असं वाटलं, आणि खरं सांगते, मला तेव्हा सुटल्यासारखंही झालं. एकदाचं बोल, म्हटलं मनात.

प्राध्यापकांनी तिला विचारलं, "आपण?"

"मी यांच्या शेजारी," नीलांबरी म्हणाली. "भिंतीला भिंत होती आमची." आणि पुढे म्हणाली, "पाणी यांनी कधी बंद केलं नाही. ते मी केलं होतं."

ते गृहस्थ कोड्यात पडून हसले आणि दुसऱ्या कुणाशी तरी बोलू लागले. आम्ही दोघी तिथे उभ्या राहिलो. ती म्हणाली, एस.टी. चुकेल, चला.

बसमध्ये खिडकी तिने मला दिली. मी ‘अहो’ म्हणून सुरुवात केली, तर म्हणाली, "राहू दे हो ताई. मला तिथे बोलायला कुणी नव्हतं शेजारी. असतं तर बरं झालं असतं." आणि लोकरीची पिशवी मांडीवर घेऊन डोळे मिटले.

मला तिचा इतका राग आला की सांगता येत नाही. ज्याची चोरी होते ते माणूस ओरडतं तरी, हिने तर चोराला घर दिलं. उद्या प्राचार्यांना सांगून दुसऱ्या आवृत्तीत तिचं नाव घालायला लावीन, माझ्या आधी घालायला लावीन, तिला नको असलं तरी. ती म्हणेल नको, मग होऊ दे भांडण.

चिखली ओलांडल्यावर तिला गाढ झोप लागली आणि तिचं डोकं माझ्या खांद्यावर आलं. बस खड्ड्यांतून उसळत होती. खांदा अवघडून मुंग्या आल्या, पण गाव येईपर्यंत मी हलले नाही, तिची झोप मोडेल म्हणून.